कपाटाची किल्ली

वाचकाचं पत्र

"साहेब, मी मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयात नायब तहसीलदार आहे. वय ४२. वडील महसुलातच होते. ते गेल्यावर २००६ साली अनुकंपावर लिपिक म्हणून लागले. एसएसडी आणि आरक्यूई या खात्याच्या परीक्षा पहिल्याच फटक्यात काढल्या, अव्वल कारकून झाले, तीन वर्षांपूर्वी नायब तहसीलदार. आता डिसेंबरात पुण्याला यशदात दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी माझं नाव लागलंय. तहसीलदार साहेब म्हणतात, अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या चालू आहेत, तुम्ही गेलात तर ऑफिस बंद पडेल. सहकारी म्हणतात, ट्रेनिंग म्हणजे सरकारी सहल, जेवण चांगलं असतं, जाऊन या. मी जाऊ का? आमच्याकडे सरळसेवेतून, म्हणजे थेट स्पर्धा परीक्षेतून आलेले २७ वर्षांचे अधिकारी आहेत. व्हीसीत (व्हिडिओवरच्या बैठकीत) इंग्रजीत बोलतात, पीपीटी करतात. त्यांच्यापुढे मी अजून कारकूनच वाटते. मुक्त विद्यापीठातून एमबीए करू का? आणि खरं सांगा, क्लार्कमधून वर आलेल्या माणसाला मोठा अधिकारी होता येतं, की आम्ही फक्त पदानं वर जातो? मुलगी दहावीत आहे. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत."

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी चार वेळा वाचली. "तुम्ही गेलात तर ऑफिस बंद पडेल." तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे, पण लिहिताना थोडं बरंही वाटलं असणार. वाटू दे. अनुकंपावर लागलेल्या पोरीला पहिल्या दिवशी कोपऱ्यातलं आवक-जावकचं टेबल देतात, आणि आज तिच्यावाचून कार्यालय हलत नाही म्हणतात, म्हणजे मधल्या वर्षांत काहीतरी कमावलंच आहे.

पण हेच वाक्य मलाही एकदा ऐकवलं गेलं होतं. त्याचं काय झालं ते आधी सांगतो.

मी नायब तहसीलदार होतो तेव्हाची गोष्ट. जिल्हा सांगत नाही. भूसंपादनाची प्रकरणं माझ्याकडे होती आणि पुण्यात प्रशिक्षण लागलं. मी गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसच्या बाहेरच्या फोनवर निरोप आला: कोर्टाची तारीख आहे, मोबदल्याची मूळ फाइल हवी, आणि ती गोदरेजच्या कपाटात आहे. किल्ली माझ्या बॅगेत, दाढीच्या सामानाच्या डब्याखाली. कार्यालयानं शिपायाला रात्रीच्या एसटीनं पुण्याला धाडलं. सकाळी सहाला तो माझ्या खोलीच्या दाराशी उभा. हातात कापडी पिशवी, डोळे लाल. किल्ली घेतली, चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीला गेला.

ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं हसून सांगायचो. बघा, माझ्याशिवाय कपाटसुद्धा उघडत नाही. मग एकदा एका ज्येष्ठ अधिकारी बाईंसमोर सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे हाताखालच्या माणसाला तुम्ही इतक्या वर्षांत साधी किल्लीसुद्धा दिली नाहीत?"

तुमच्या तीन प्रश्नांना मी जे काही सांगणार आहे ते बाईंच्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतं. आपल्या खात्यात ज्याच्यावाचून टेबल चालत नाही, त्या माणसाला कुणी कार्यमुक्त करत नाही. कार्यमुक्त होत नाही म्हणून तो प्रशिक्षणाला जात नाही, दुसरी शाखा बघत नाही, दुसऱ्या खात्यातली माणसं ओळखत नाही, आणि निवृत्त होईपर्यंत उत्तम कारकूनच राहतो. टेबलावरच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. तुम्हाला त्या २७ वर्षांच्या पोरांचं इंग्रजी खुपतंय. मला त्यांची वेगळीच गोष्ट दिसते. ती पोरं कुठल्याच टेबलाला चिकटलेली नाहीत. परिविक्षेत, म्हणजे प्रोबेशनवर, त्यांना सगळ्या शाखांमधून फिरवतात, कुठली फाइल अडली तर त्यांना कुणी जबाबदार धरत नाही, त्यामुळे त्यांना सबंध तालुका एकदम बघायची सवय लागते. तुम्हाला ती संधी कुणी आपणहून देणार नाही. ती तयार करावी लागेल.

तेव्हा पहिला प्रश्न: जायचं का? जायचं. आता कसं, ते बोलू.

तहसीलदार साहेबांवर रागावू नका. त्यांची भीती खोटी नाही. अनुदानाच्या यादीत एका गावाची नावं सुटली, की दुसऱ्या दिवशी तहसीलच्या दारात माणसं बसतात आणि संध्याकाळी व्हीसीत जिल्हाधिकारी त्यांचं नाव घेऊन विचारतात. त्यांच्याकडे "सर, मला पाठवा ना" म्हणून जाल तर "पुढच्या वेळी बघू" हेच उत्तर मिळेल. एक पानाचा कागद घेऊन जा. डावीकडे काम, मधे ते कोण बघणार, उजवीकडे आज ते कुठपर्यंत आलंय. किती गावांच्या याद्या अपलोड झाल्या, किती शेतकऱ्यांचे व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) पडले, किती जणांचं ई-केवायसी बाकी आहे, कुठल्या तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण माझ्या तोंडी तलाठीच येतं) दुरुस्ती यायची आहे. खाली तुमची सही आणि ज्याच्याकडे काम देताय त्याचीही सही. त्याची सही महत्त्वाची. "पाहून घ्या हं" असं तोंडी सांगून गेलेल्या माणसाचं काम कुणीच पाहत नाही.

आणि हा कागद आदल्या दिवशी करायचा नाही. आजपासून तुमच्या अव्वल कारकुनाला याद्यांवर बसवा. तुम्ही त्याच खोलीत असा, पण माउसला हात लावू नका. हे फार कठीण जाईल. तो चुका करेल, जमिनीच्या सामाईक खात्यातल्या चौघा भावांची रक्कम एकाच्याच बँक खात्यावर टाकेल, आणि तुमचा हात शिवशिवेल. करू द्या. ती चूक तुम्ही खोलीत असताना झालेली बरी. डिजिटल सहीचं डोंगल मात्र कुणाच्या हातात द्यायचं नाही, कितीही विश्वासू असला तरी. चार्ज रीतसर लेखी आदेशानं जाऊ द्या आणि ज्याला चार्ज मिळेल त्यानं स्वतःच्या डोंगलवर काम करावं. "मॅडमचं डोंगल ड्रॉवरमध्ये आहे, पासवर्ड भिंतीवर आहे" अशी कार्यालयं मी पाहिली आहेत. त्यांतल्या काहींचे पुढे फौजदारी गुन्हे झाले.

आणखी एक. बदल्यांचा म्हणून सगळ्यांना पाठ असलेला २००५ चा कायदा आहे ना, त्याच्या नावाचा दुसरा अर्धा भाग दप्तरदिरंगाईबद्दल आहे, आणि तो कुणालाच आठवत नाही. साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. तुम्ही दोन आठवडे पुण्यात आणि तुमच्या फायली टेबलावर तशाच, हे त्या कायद्यात बसत नाही. साहेबांना हे कायदा दाखवण्याच्या आविर्भावात सांगू नका. "म्हणून चार्ज लेखी देऊन जाते" असं म्हणा, त्यांनाही बरं वाटेल.

तुमचं टेबल सहा गठ्ठ्यांत लावलेलं आहे का? तपासणीच्या आदल्या रात्री सगळेच लावतात, म्हणून विचारतो. अनिलकुमार लखिना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी ती पद्धत बसवली. कार्यवाहीची प्रकरणं वेगळी, प्रतीक्षेतली वेगळी, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची, आणि नष्ट करायची. आपल्याकडे लोकांनी त्यातला नीटनेटकेपणा तेवढा उचलला, लाल-पिवळे रुमाल आणि चिठ्ठ्या. माझ्या मते त्यातली खरी गोम अशी, की तसं लावलेल्या टेबलावर उद्या कुणीही नवा माणूस बसला, तर अर्ध्या तासात त्याला कळतं कुठं काय आहे. आता ई-ऑफिस आलं तरी प्रश्न तोच. तुमच्या इनबॉक्समध्ये काय अडलंय हे तुमच्याखेरीज कुणाला सांगता येतं का?

बरं, आता "सरकारी सहल". सहकाऱ्यांचं अगदीच चुकीचं नाही. मी निवृत्तीच्या आधी ३ वर्षं एका प्रशिक्षण संस्थेत शिकवायला होतो. सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारे, दुपारनंतर "जरा बँकेत जाऊन येतो" म्हणून लक्ष्मी रोडला जाणारे, आणि शेवटच्या दिवशी फोटोत मात्र पुढच्या रांगेत उभे राहणारे, सगळे पाहिले. व्याख्यानंही काही वेळा अशी असतात की पेंगणाऱ्याला दोष देववत नाही. ज्यानं दहा वर्षांत तहसील कार्यालयाची पायरी चढलेली नाही, असा माणूस तुम्हाला "नेतृत्वाचे सात गुण" सांगणार. ते सात गुण लिहून घ्या आणि सोडून द्या.

पण काही तास असे असतात, की त्यांच्यासाठी एसटीचा प्रवास करावा. मी एक सराव घ्यायचो, तो सांगतो. प्रत्येकाला वीस कागदांचा एक गठ्ठा द्यायचो. तुम्ही आज सकाळी नव्या तालुक्यात रुजू झालात, हे टपाल तुमच्या टेबलावर आहे, एका तासानं तुम्हाला जिल्ह्याला बैठकीला जायचंय. कशाला आधी हात घालाल? गठ्ठ्यात जिल्हाधिकाऱ्यांचं अर्धशासकीय पत्र असायचं. आमदारांचं एक पत्र, कुणाच्या तरी बदलीबद्दल. माहिती अधिकाराचा एक अर्ज, ज्याचा आज २८ वा दिवस. शेतरस्ता अडवल्याची तक्रार. वीज पडून मेलेल्या गुराख्याच्या बायकोचा अर्ज, ४ लाखांची मदत वारसाच्या एका कागदापायी अडलेली. कार्यालयातल्या दोघांचं रजेवरून भांडण. लेखापरीक्षणातल्या आक्षेपाचा एक जुना परिच्छेद. मधेच एका लग्नाची पत्रिका.

दरवेळी तेच व्हायचं. बहुतेक जण गठ्ठा पाठवणाऱ्याच्या पदाप्रमाणे लावायचे. जिल्हाधिकारी वर, मग आमदार, मग प्रांत (उपविभागीय अधिकारी), आणि गुराख्याची बायको तळाला, लग्नपत्रिकेच्या जरासं वर. मग मी विचारायचो, जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राला उत्तर कधीपर्यंत द्यायचंय? त्यातच लिहिलेलं असायचं, पंधरा दिवस. कुणी वाचलेलंच नसायचं. नुसतं लेटरहेड पाहिलेलं. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत, म्हणजे हातात दोन दिवस. आणि त्या बाईच्या कागदासाठी एका मंडळ अधिकाऱ्याला एक फोन पुरे होता. एकदा कृषी सहायकातून वर आलेल्या एका बाईंनी वर्गातच मोबाइल उचलून विचारलं, "सर, खोटा खोटा फोन लावू का?" वर्ग हसला. पण वीस कागद वाचून तिनं एका मिनिटात त्यातलं एक काम संपवलं होतं. बाकीचे अजून प्राधान्यक्रम लिहीत होते.

वीस वर्षं टपाल वरून खाली आलेलं पाहिलं, की हे वळण पडतं. ते पद बदलल्यानं जात नाही. असा एखादा तास मिळाला तर तुम्हाला तुमचं वळण दिसेल. तुमच्या २७ वर्षांच्या सहकाऱ्यांचंही वळण असतं बरं का, ते वेगळं. ते गठ्ठा न वाचता त्याचा डॅशबोर्ड करतात.

म्हणून जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. तुमच्या टेबलावरचं एक अडलेलं प्रकरण, खरोखर अडलेलं, नावं खोडून दोन पानांत लिहून न्या. जो वक्ता बरा वाटेल त्याला चहाच्या सुटीत गाठा आणि तेवढंच विचारा. आणि मेसमध्ये महसूलवाल्यांच्या टेबलावर बसू नका. जलसंधारणवाले, वित्त विभागाचे लेखा अधिकारी, नगरपालिकेचे मुख्याधिकारी यांच्यात बसा. मला पुढे तहसीलदार म्हणून सगळ्यात उपयोगी पडला तो पुण्याच्या मेसमध्ये भेटलेला एक कोषागारातला गृहस्थ. ३१ मार्चच्या रात्री मी त्याला किती वेळा उठवलंय त्याची गणती नाही.

आता कारकून आणि अधिकारी यांच्यातला फरक. तुम्ही तो इंग्रजीत आणि पीपीटीत शोधताय. मी तो टिपणीच्या शेवटच्या ओळीत शोधतो.

तुमच्या गेल्या महिन्यातल्या दहा टिपण्या काढा. पहिला परिच्छेद: अर्जदाराचा अर्ज दिनांक अमुक. दुसरा: मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल. तिसरा: नियम काय म्हणतो. आणि शेवटची ओळ? "सबब प्रकरण मा. महोदयांच्या निर्णयार्थ सादर." बरोबर ना? इतकं सगळं वाचलं, नियम काढले, जागा माहीत, माणसं माहीत, आणि निर्णयाच्या तोंडाशी येऊन कागद वर सरकवला. लिपिक असताना ते योग्यच होतं. आता त्या ओळीच्या आधी दोन ओळी लिहायच्या. "उपरोक्त परिस्थितीत अर्ज मान्य करणे उचित वाटते, कारण... तथापि असे केल्यास अमुक हरकत येऊ शकते." कारण लिहायचं, आणि आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्टही आपणच लिहायची. साहेब ते खोडतील. खोडू द्या. सहा महिन्यांनी तुमच्या लक्षात येईल की खोडणं कमी झालंय, किंवा साहेब आधी विचारतात, "मॅडम, तुमचं काय मत?"

मला हे एका प्रांत साहेबांनी शिकवलं, तेही न बोलता. माझी फाइल परत आली, शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह. पुन्हा पाठवली, पुन्हा प्रश्नचिन्ह. तिसऱ्यांदा मी घाबरत घाबरत मत लिहिलं. त्यांनी ते नामंजूर केलं आणि फाइल निकाली काढली. प्रश्नचिन्ह मात्र पुन्हा आलं नाही.

मिशन कर्मयोगी तुम्ही ऐकलं असेल. २०२० च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलं. त्यात म्हटलंय की कर्मचारी नियमाकडून भूमिकेकडे गेला पाहिजे, म्हणजे नियम काय सांगतो एवढ्यावर न थांबता, या खुर्चीत माझं काम काय, हे त्यानं विचारावं. कल्पना चांगली. प्रत्यक्षात त्याच्या आयगॉट या ऑनलाइन पोर्टलवरचा व्हिडिओ ड्रॉवरमध्ये आवाज बंद करून चालू ठेवतात आणि प्रमाणपत्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. तुम्हीही टाकली असतील, मला सांगू नका. पण टिपणीतल्या त्या दोन ओळी म्हणजेच नियमाकडून भूमिकेकडे. त्याला लॉगिन लागत नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर, आपल्या राज्याची राजभाषा १९६४ च्या अधिनियमानं मराठी आहे. तुमचे आदेश मराठीत, सुनावणी मराठीत, समोरचा शेतकरी मराठीत. व्हीसीत इंग्रजी बोलणाऱ्याला शेतकऱ्यासमोर सकारण आदेश वाचून दाखवायला सांगा, मग बघा. तरी एका ठिकाणी इंग्रजी लागतंच: खंडपीठात याचिका झाली की. परिच्छेदनिहाय अभिप्राय तुम्ही मराठीत पाठवता, सरकारी वकील त्यावरून इंग्रजीत शपथपत्र करतात, आणि सही करताना आपण ते वाचत नाही. पुढच्या वेळी आपला मराठी मजकूर आणि ते शपथपत्र शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचा. दरवेळी एक प्रकरण. वर्षभरात तुमचं कामापुरतं इंग्रजी तयार होईल, आणि आपल्या नावावर काय काय सांगितलं जातं तेही कळेल. कधी कधी धक्का बसतो.

एमबीए. मुक्त विद्यापीठाला मी नावं ठेवत नाही, नोकरी करून शिकणाऱ्या कितीतरी जणांना नाशिकच्या त्या विद्यापीठानं हात दिला आहे. पण तुम्ही एमबीए कशासाठी करणार? पदोन्नती समितीसमोर तुमची ज्येष्ठता जाते, गोपनीय अहवाल जातात, विभागीय चौकशी चालू आहे का ते जातं, मत्ता-दायित्वाचं विवरण भरलंय का ते जातं. एमबीएचा रकाना तिथं नाही. स्वतःच्या आनंदासाठी करायचं असेल तर लोकप्रशासनात एमए करा, इग्नूतून होतं, निदान वाचलेलं सगळं रोज समोर दिसेल. आणि प्रवेश घेण्याआधी कार्यालयाची परवानगी घ्या, नंतर कुणीतरी अर्ज करतं.

त्यापेक्षा मला तुमच्यात एक भोक दिसतंय, पत्रात न लिहिलेलं. जमीन तुम्हाला येते. पैसा येतो का? बीम्सवर (सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) अनुदान कसं उतरतं, लेखाशीर्ष चुकलं तर काय होतं, महालेखापालांच्या परिच्छेदाला उत्तर कसं द्यायचं? आणि माणसं? १९७९ चे शिस्त व अपील नियम परीक्षेपुरते पाठ केले असतील, पण एखाद्यावर दोषारोपपत्र स्वतः लिहिलंय का? महसुलातून वर आलेले माझे बरेचसे सहकारी या दोन ठिकाणी अडकले. जमिनीच्या कायद्यात वाघ, आणि नाझरनं (कार्यालयाचा रोकड-हिशेब बघणाऱ्यानं) पुढे केलेल्या बिलावर डोळे मिटून सही. पुढची बदली किंवा शाखाबदल मागताना घराजवळचं मागण्याऐवजी रोहयो (रोजगार हमी योजना) किंवा पुरवठा मागा. रोहयोत मस्टर, मजुरी, साहित्याचा खर्च, लेखापरीक्षण, पंचायत समिती, सगळं एकाच टेबलावर येतं. दोन वर्षं जीव जाईल. एमबीएलाही दोनच वर्षं लागतात.

आता शेवटचा प्रश्न, खरं सांगा म्हणालात म्हणून. तुम्ही ४२ च्या. सगळं वेळेवर झालं, न्यायालयात ज्येष्ठता यादी अडकली नाही (ती अडकते), तर ४७-४८ ला तहसीलदार, ५३-५४ ला उपजिल्हाधिकारी. बढतीनं आयएएस व्हायला उपजिल्हाधिकारी किंवा समकक्ष पदावर ८ वर्षं लागतात. तुमची निवृत्ती ५८ ला. हे गणित जमत नाही. कुणी स्वप्न दाखवत असेल तर दाखवू द्या, तुम्ही त्यावर दिवस काढू नका. दरम्यान बढती मिळाली नाही तर आश्वासित प्रगती योजनेत १०, २०, ३० वर्षांना पगार वाढतो. त्या वाढीला मोठं होणं समजणारेही खूप आहेत.

पण तहसीलदाराची खुर्ची लहान समजू नका. दंडाधिकारी म्हणून अधिकार, जमिनीचे वाद, आपत्ती, निवडणूक, दीड-दोन लाख माणसांचा तालुका. त्या खुर्चीवर लिपिकातून आलेला आणि तयारीनं आलेला माणूस बसला, की खालची टाळाटाळ त्याला पहिल्या आठवड्यात कळते, कारण ती त्यानं स्वतः केलेली असते. सरळसेवेवाल्याला ती कळायला दोन वर्षं लागतात आणि तोवर त्याची बदली होते.

एक गोष्ट मात्र मला अजूनही बोचते, ती बोलून टाकतो. मसुरीच्या अकादमीत २००७ पासून आयएएस अधिकाऱ्यांना सेवेच्या ७ ते ९, १४ ते १६ आणि २६ ते २८ व्या वर्षांच्या दरम्यान ठरलेलं प्रशिक्षण आहे. दिल्लीच्या भारतीय लोकप्रशासन संस्थेत १९७५ पासून वरिष्ठ अधिकाऱ्यांचा १० महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो, लष्करातले अधिकारीही त्यात बसतात. सरकारनं त्यांच्या वर चढण्याचा विचार केलेला आहे. आपल्याकडे संस्था नाहीत असं नाही. मुंबईत १९६३ साली सुरू झालेली प्रबोधिनी १९८४ ला पुण्यात आली, १९९० ला तिला यशवंतराव चव्हाणांचं नाव मिळालं, तीच ही यशदा. धोरणही आहे, २०११ चं राज्य प्रशिक्षण धोरण. केंद्राच्या २०१२ च्या धोरणात तर प्रत्येक विभागानं वेतनाच्या तरतुदीतले किमान २.५ टक्के प्रशिक्षणासाठी ठेवावेत असं लिहिलंय. पण लिपिकातून वर आलेल्या माणसाच्या बाबतीत हे सगळं येऊन थांबतं ते त्याच्या साहेबाच्या एका सहीपाशी, आणि साहेबाच्या त्या दिवसाच्या मूडपाशी. हुशार माणूस अडकवून ठेवणं साहेबाला परवडतं, त्याची किंमत त्याच्या खिशातून जात नाही. उद्या तुम्ही तहसीलदार व्हाल, तुमच्याकडेही एक अव्वल कारकून असेल, आणि त्याचं नाव ऐन निवडणुकीच्या आधी लागेल. तेव्हा काय कराल ते मला जरूर कळवा.

मुलीचं: मिस्टर शिक्षक आहेत, दोन आठवडे गणित-विज्ञान ते घेतील. आई घरात नसताना मुली जास्त अभ्यास करतात असा माझ्या घरचा अनुभव आहे, पण तो तुमच्या मुलीला सांगू नका.

नामनिर्देशनाला संमती कळवायची तारीख पत्रात असेल, ती आज बघा. आधी तो एक पानी कागद करा, मग साहेबांकडे जा, सकाळी, व्हीसी असेल त्या दिवशी नको. पुण्यात डिसेंबरात पहाटे चांगलाच गारठा असतो, बाणेर रोडच्या त्या झाडीत तर जास्तच, तेव्हा शाल आणि स्वेटर दोन्ही ठेवा. आणि बॅग भरून झाली की एकदा आतला कप्पा उलटा करून बघा. कार्यालयाची एखादी किल्ली त्यात राहिली असेल.